परक्याचं बाळ, आपलं बाळ आणि सरकारी फॉर्म

परदेश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अजूनही एक ठरलेलं चित्र उभं राहतं. इंजिनियर मुलगा पुढे जातो, मागून सून जाते, आणि बाळंतपणाच्या वेळी लोणच्याच्या बरण्या सांभाळत आई जाते. बाई स्वतःच्या नावाच्या परवान्यावर, स्वतःच्या कामासाठी परदेशी जाते आणि नवरा-मुलं मागे राहतात, हे आपल्या घरांत तसं नवंच. पण नर्सिंगचा कोर्स केलेली, बालवाडी चालवलेली एखादी भगिनी जाहिरात वाचते: कॅनडात मुलं सांभाळण्याचं, वृद्धांची देखभाल करण्याचं काम, काही वर्षांत कायमचं राहण्याचा परवाना, तोही कुटुंबासह! मग रात्री जेवणं झाल्यावर घरात कुजबुज सुरू होते. पगाराचा आकडा रुपयांत करून पाहिला जातो. ओळखीतलं कोणी तिकडे आहे का, याची चौकशी होते.

या कुजबुजीत एक प्रश्न मात्र बहुधा मागे पडतो. 'तात्पुरती कामगार' म्हणून गेलेली बाई 'कायमची रहिवासी' नेमकी होते कशी? मधल्या काळात तिची स्वतःची मुलं कुठे असतात? आणि फॉर्मवर त्या मुलांबद्दल काय लिहायचं? भगिनींनो, प्रश्न साधा वाटतो. पण कॅनडाचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला, तर मुलांच्या या एका रकान्याने कितीजणींची आयुष्यं उलटीपालटी केलेली दिसतात. म्हणून जायचं की नाही हे ठरवण्याआधी हा इतिहास आणि आजचे नियम दोन्ही माहीत असलेले बरे.

गरज आहे, पण तुम्ही नकोत

परक्याचं मूल सांभाळायला समुद्र ओलांडून जाणं ही गोष्ट आपल्याला अगदीच अनोळखी नाही. इंग्रजी अमदानीत मुंबई, मद्रास, कलकत्त्याहून साहेबाच्या कुटुंबाबरोबर आया बोटीने विलायतेला जात. वाटेत मुलं सांभाळायची, मडमेची उस्तवार करायची, आणि तिथे पोचल्यावर परतीचं तिकीट मिळेल या भरवशावर राहायचं. काहींना ते मिळालंच नाही. अशा अडकलेल्या बायकांसाठी लंडनमध्ये 'आयाज होम' चालवलं जाई. १९०० पासून काही वर्षं ते हॅकनी भागातल्या ज्या घरात होतं, तिथे २०२२ मध्ये स्मृतिफलक लागला. म्हणजे तुमच्या हातांची गरज आहे, तुमची मात्र नाही, हा अनुभव आपल्या बायकांनी फार पूर्वीच घेतलेला आहे.

कॅनडात हीच गोष्ट १९५५ पासून सरकारी योजनेच्या रूपात सुरू झाली. घरकामाला माणसं मिळेनात, म्हणून सरकारने वेस्ट इंडीजमधल्या जमैका आणि बार्बाडोस या बेटांवरून पहिल्या शंभर तरुणी आणल्या. अटी अशा: वय १८ ते ३५, किमान आठवीपर्यंत शिक्षण, प्रकृती उत्तम, अविवाहित, आणि अवलंबून असणारं कोणी नाही. त्या बदल्यात एक मोठी गोष्ट मिळे. कॅनडात पाय ठेवल्याबरोबर कायमचा रहिवास! एक वर्ष घरकाम केलं की दुसरी नोकरी करायला, शिकायला मोकळीक. १९६७ पर्यंत या योजनेतून जवळजवळ तीन हजार बायका आल्या. त्यांच्यापैकीच एक जीन ऑगस्टीन. ग्रेनेडा बेटावरून १९६० मध्ये घरकामासाठी आलेल्या या बाई पुढे शिक्षिका झाल्या, मुख्याध्यापिका झाल्या, आणि १९९३ मध्ये कॅनडाच्या लोकसभेवर निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णी महिला ठरल्या.

पण ही दारं फार काळ तशी उघडी राहिली नाहीत. १९६७ मध्ये कॅनडाने गुण देऊन माणसं निवडायला सुरुवात केली. शिक्षणाला गुण, भाषेला गुण, हुन्नराला गुण. मूल सांभाळण्याला, म्हाताऱ्याला कुशीवर वळवण्याला मात्र फारसे गुण नव्हते. घरोघरी गरज तर होतीच! मग १९७३ पासून परदेशी कामगारांसाठी तात्पुरते परवाने निघाले आणि घरकाम करणाऱ्या बायका त्यावर येऊ लागल्या. काम तेच, कष्ट तेच, पण मुदत संपली की घरी जा. मालकिणीने काढून टाकलं तरी घरी जा.

सात मातांची कहाणी

आता त्या फॉर्मकडे येऊ. 'अवलंबून असणारं कोणी नाही' अशी अट घातली की काय होणार, हे सांगायला पंडित नको. ज्यांना मुलं होती, त्यांनीही फॉर्मवर 'नाही' लिहिलं. आजीपाशी, मावशीपाशी मुलं ठेवून त्या आल्या, दर महिन्याला पैसे पाठवत राहिल्या. 'मुलं लिहू नकोस, अर्ज अडेल' हा सल्ला वाटेत कोणी ना कोणी देतच असे.

पुढे यांपैकी काहींनी आपली मुलं कॅनडात आणण्यासाठी अर्ज केले, तेव्हा जुना फॉर्म बाहेर आला. फॉर्मवर मूल नाही, आता मूल कुठून आलं? १९७७ मध्ये जमैकाच्या सात बायकांना खोटी माहिती दिल्याच्या कारणावरून देश सोडण्याचे हुकूम निघाले. वर्षानुवर्षं कर भरलेल्या, दुसऱ्यांची मुलं वाढवलेल्या या बायका. स्वतःच्या मुलांना जवळ आणायला गेल्या आणि गुन्हेगार ठरल्या.

त्या गप्प बसल्या नाहीत. महिला संघटना, कामगार संघटना, चर्चची मंडळी पाठीशी उभी राहिली. मोर्चे निघाले, वर्तमानपत्रांतून लिहून आलं. त्या काळात एक घोषणा गाजली. तिचा अर्थ आपल्या शब्दांत असा: कामाला चालते, तर राहायला का चालत नाही? अखेर १९७९ मध्ये या सातजणींचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी टोरोंटोत घरकामगार बायकांसाठी 'इंटरसीड' ही संस्था उभी राहिली. आणि १९८१ मध्ये सरकारने नियम बदलला. घरकामासाठी आलेल्या बाईने दोन वर्षं काम केलं की तिला कॅनडात राहूनच कायम रहिवासासाठी अर्ज करता येऊ लागला.

म्हणजे आज जाहिरातीत जी 'काही वर्षांत कायम' ही ओळ दिसते, ती कोणी उदारपणे देऊन टाकलेली नाही. ती या बायकांनी झगडून मिळवली आहे.

मालकाच्या घरातली दोन वर्षं

१९९२ मध्ये या योजनेचं नवं रूप आलं. बारावीच्या तोडीचं शिक्षण, सहा महिन्यांचं प्रशिक्षण किंवा वर्षाचा अनुभव, आणि मुख्य अट म्हणजे मालकाच्याच घरात राहायचं. तीन वर्षांच्या आत दोन वर्षांचं काम भरलं की कायम रहिवासाचा अर्ज. या योजनेतून बहुसंख्य बायका फिलिपिन्समधून आल्या.

मालकाच्या घरात राहणं म्हणजे काय, ते एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला समजावून सांगायला नको. कामाची वेळ कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे सांगणार कोण? रात्री बाळ रडलं तर तो ओव्हरटाइम की माया? त्यात परवाना एकाच मालकाच्या नावाचा. भांडण झालं, नोकरी सुटली, तर नवा परवाना येईपर्यंतचे महिने दोन वर्षांत धरले जात नसत. अडचणीत आलेल्या बायका तोंड दाबून राहत, कारण दोन वर्षं पुरी व्हायची होती. २०१० मध्ये थोडी ढील मिळाली. चार वर्षांच्या आत दोन वर्षं, किंवा एकूण ३,९०० तास भरले तरी चालेल असं ठरलं.

त्याच साली आणखी एक नियम बदलला आणि त्यामागे एका बाईचं नाव आहे. हुआना तेहादा २००३ मध्ये फिलिपिन्सहून कॅनडात आल्या. कामाची वर्षं पुरी करून त्यांनी कायम रहिवासाचा अर्ज केला. त्यासाठी पुन्हा वैद्यकीय तपासणी झाली आणि तीत मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. औषधपाण्याचा भार सरकारवर पडेल म्हणून अर्ज फेटाळला. येताना त्या ठणठणीत होत्या; आजार झाला तो तिथे राबत असताना. लोकांनी आवाज उठवला, २००८ मध्ये त्यांना कायम रहिवास मिळाला, आणि मार्च २००९ मध्ये त्या वारल्या. २०१० पासून या योजनेतल्या बायकांची ही दुसरी तपासणी बंद झाली. तिकडे हा बदल त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

आणि मुलं? काम दोन वर्षांचं, पण त्यानंतर अर्जांची रांग. अनेक घरांत आई आणि मुलं यांच्यात पाच-सात वर्षांची ताटातूट झाली. चार वर्षांची सोडलेली मुलगी विमानतळावर भेटते तेव्हा अकरा वर्षांची असते. आईला ती लहानच आठवत असते, आणि मुलीला आई फक्त फोनवरची. एकत्र आल्यावर सगळं आपोआप गोड होतं असं नाही, हे तिथल्या शाळांतल्या शिक्षकांनी आणि समाजसेविकांनी वारंवार सांगितलं आहे.

नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीला मालकाच्या घरात राहण्याची सक्ती संपली. पण त्याबरोबर वर्षाला किती अर्ज घ्यायचे यावर मर्यादा आली. मुलं सांभाळणाऱ्यांसाठी २,७५० आणि आजारी-वृद्धांची देखभाल करणाऱ्यांसाठी २,७५०. शिवाय बारावीनंतरच्या एका वर्षाच्या शिक्षणाची आणि भाषेच्या परीक्षेची अट आली.

अलीकडे काय झालं

जून २०१९ मध्ये पाच वर्षांच्या दोन प्रायोगिक योजना आल्या. त्यांत दोन गोष्टी चांगल्या होत्या. परवाना एका मालकाला न बांधता त्या कामाला बांधलेला होता, आणि नवरा-मुलांना सुरुवातीपासून बरोबर नेण्याची सोय होती. २०२३ मध्ये अनुभवाची अट चोवीस महिन्यांवरून बारा महिन्यांवर आली. या योजना जून २०२४ मध्ये संपल्या.

त्यानंतरच्या नव्या योजनेत तर कॅनडाने चक्क १९५५ चं पाऊल पुन्हा उचललं. निवड झाली की येतानाच कायम रहिवास द्यायचा, असं जाहीर झालं. अटी पूर्वीपेक्षा हलक्या: तिथल्या शालान्त शिक्षणाच्या तोडीचं शिक्षण, भाषेची चौथी पायरी, अलीकडचा सहा महिन्यांचा संबंधित अनुभव किंवा तेवढं प्रशिक्षण, आणि क्युबेक प्रांत सोडून इतरत्र पूर्ण वेळच्या खऱ्या नोकरीचं पत्र. पूर्ण वेळ म्हणजे आठवड्याला किमान तीस तास. भाषेची चौथी पायरी म्हणजे 'आयेल्ट्स'च्या जनरल परीक्षेत ऐकण्यात ४.५, वाचनात ३.५, लिहिण्यात ४ आणि बोलण्यात ४. इंग्रजी माध्यमात न शिकलेल्या बाईलाही सराव करून जमेल असं हे आहे.

ऐकायला छान वाटतं ना? पण पुढचं ऐका. ३१ मार्च २०२५ रोजी अर्ज घ्यायला सुरुवात झाली आणि त्याच दिवशी कोटा भरला. शिवाय त्या दिवशी घेतलेले अर्ज आधीच कॅनडात काम करणाऱ्यांचे होते. बाहेरच्या देशांतून अर्ज करणाऱ्यांची रांग तेव्हा उघडलीच नाही. देशाचं एकूण धोरणही आखडतं झालं. कायम रहिवाशांचं २०२४ चं लक्ष्य ४,८५,००० होतं, ते २०२५ साठी ३,९५,००० वर आणलं गेलं.

म्हणून कोणी 'योजना चालू आहे, लगेच पैसे भरा' म्हटलं, तर आधी कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा, किंवा घरातल्या कॉलेजच्या मुलाला पाहायला सांगा. दार कधी उघडणार आणि किती वेळ उघडं राहणार, हे सरकार ठरवतं. एजंटाच्या खिशात त्याची किल्ली नसते. आणि सगळ्या देशांत अशी वाट असतेच असं समजू नका. हाँगकाँगमध्ये सलग सात वर्षं राहिलेल्या परदेशी माणसाला कायम रहिवास मागता येतो, पण घरकामासाठी आलेल्या बाईची वर्षं त्यात मोजलीच जात नाहीत. १९८६ पासून तिथे राबणाऱ्या एका फिलिपिनो बाईंनी याविरुद्ध दावा लावला. खालच्या न्यायालयात त्या जिंकल्या, पण मार्च २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात हरल्या. तेव्हा कुठल्याही देशाचं तिकीट काढण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारायचा: या कामातून इथे कायमची वाट आहे का?

मूल लपवू नका

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. कॅनडाच्या कायम रहिवासाच्या अर्जात घरातल्या सगळ्यांची नावं लिहावी लागतात: नवरा आणि सगळी मुलं. ती बरोबर येणार असोत वा नसोत, आजोळी वाढत असोत, किंवा पहिल्या लग्नातलं मूल त्याच्या वडिलांकडे असो. जे बरोबर येणार नाहीत, त्यांचीही साधारणपणे वैद्यकीय तपासणी करावी लागते.

ज्या मुलाचं नाव लिहिलं नाही किंवा ज्याची तपासणी झाली नाही, त्याला पुढे 'हे माझं मूल' म्हणून बोलावून घेण्याचा हक्क कायद्याने जातो. २०१९ पासून काही जणांसाठी यात तात्पुरती सवलत दिली गेली आहे, पण तिच्या भरवशावर कोणी आपलं लेकरू सोडू नये. शिवाय खोटी माहिती दिल्याचं ठरलं, तर पाच वर्षं अर्ज करायलाच बंदी होते. सात मातांच्या वेळी अटच अशी होती की खरं लिहिलं तर दार बंद. आज मूल असणं ही अडचण नाही; मूल लपवणं ही अडचण आहे. तरीही 'मुलं नंतर पाहू, आत्ता एकटीचं टाका' हा जुना सल्ला अजून दिला जातो. तो देणाऱ्याचं काही जात नाही. जातं ते आईचं.

मुलाच्या वयाकडेही लक्ष हवं. लग्न न झालेलं, बावीस वर्षांच्या आतलं मूल अवलंबून धरलं जातं, आणि अर्ज पोचला त्या दिवशीचं वय मोजलं जातं. मधल्या काळात, २०१४ ते २०१७, ही मर्यादा एकोणीसच्या आत होती. मुलगा विसाव्या वर्षी असेल, तर आईला रेंगाळून चालणार नाही.

मूल अठराच्या आतलं असून एकटं आईबरोबर जाणार असेल, तर वडिलांचं संमतीपत्र लागतं. घटस्फोट झाला असेल, तर कोर्टाचा ताब्याचा हुकूम लागतो. नवऱ्याशी पटत नाही पण कागदावर काहीच झालेलं नाही, अशा भगिनींनी हा प्रश्न जाण्याआधीच वकिलाकडून सोडवून घ्यावा. सातासमुद्रापलीकडून तो सुटणं फार कठीण.

आपल्या नावांचा घोळ

आता एक खास आपल्याकडची गोष्ट. आपल्याकडे लग्नात बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आणि कितीतरी घरांत तांदळाच्या ताटात लिहून पाळण्यातलं नावही बदलतं. म्हणजे दहावीच्या गुणपत्रिकेवर एक बाई, आधार कार्डावर दुसरी, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर 'आईचं नाव' म्हणून तिसरीच! आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. पण ओटावात बसलेल्या अधिकाऱ्याला या तीन वेगळ्या बायका दिसतात. 'हे मूल या अर्जदार बाईचंच' हे सिद्ध करायची जबाबदारी मग आपल्यावर येते.

यावर उपाय कठीण नाही, फक्त वेळ लागतो. लग्नाची नोंदणी झाली नसेल, तर महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे ती ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे करून दाखला घ्यावा. पहिलं नाव बदललेलं असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्यावा. मुलाच्या जन्मदाखल्यावर नाव चुकलं असेल, तर जिथे जन्माची नोंद आहे तिथेच दुरुस्तीचा अर्ज करावा. 'या सर्व नावांची व्यक्ती मी एकच' असं प्रतिज्ञापत्र जोडता येतं, पण ते मूळ दाखल्यांना पूरक म्हणून, त्यांच्याऐवजी नव्हे. आणि सगळ्यांत आधी पासपोर्टवर कोणतं नाव हवं ते ठरवा. मग बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. परदेशी जायचं नसलं तरी हे काम करून ठेवा. वारसाहक्क, पेन्शन, विमा, सगळीकडे हाच घोळ आडवा येतो!

तिथे गेल्यावर

समजा, कोणी तात्पुरत्या परवान्यावर तिथे पोचली. आता कायम रहिवासासाठी तिचं काम मोजलं जाणार ते कागदावर. मालकीणबाई कितीही प्रेमळ असल्या, तरी पगार रोख हातात घेऊ नये. बँकेत जमा व्हावा. दर पगाराची चिठ्ठी मागून घ्यावी. एका वहीत रोजची कामाची वेळ लिहावी, आपण दुधाचा हिशेब लिहितो तशी. दरवर्षी तिथला आयकराचा फॉर्म भरावा, कारण कराचे कागद हा कामाचा भक्कम पुरावा असतो. परवान्यात नसलेलं काम, म्हणजे शनिवार-रविवारी दुसऱ्या घरी थोडंसं, हे मोजलं तर जात नाहीच. उलट तेवढ्यावरून अर्ज धोक्यात येतो.

परवान्याची तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहावी. मुदत संपण्याआधी वाढीचा अर्ज गेला, तर निकाल येईपर्यंत त्याच अटींवर थांबता येतं. मुदत उलटली, तर दर्जा परत मिळवण्यासाठी अर्ज करायला फक्त नव्वद दिवस मिळतात, आणि तोवर काम बंद. पासपोर्टच्या मुदतीपलीकडे परवाना देत नाहीत, म्हणून पासपोर्टचं नूतनीकरण आधीच करावं.

आणि मालक छळत असेल, पगार बुडवत असेल, अंगाशी येत असेल, तर? पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं बेकायदा आहे, हे पक्कं लक्षात ठेवा. एका मालकाला बांधलेला परवाना असलेल्या आणि अन्याय सोसणाऱ्या कामगारांसाठी जून २०१९ पासून वेगळा खुला परवाना मिळतो. पुराव्यासह अर्ज केला की दुसरीकडे काम करता येतं. सोसणं हा सद्गुण नाही. निदान परदेशात तरी नाही.

एजंटाचे पैसे

कॅनडाच्या कामांसाठी फी घेऊन सल्ला देण्याचा आणि प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार तिथले वकील आणि नोंदणीकृत सल्लागार यांनाच आहे. सल्लागारांची नोंदणी २०२१ पासून एका वैधानिक संस्थेकडे होते आणि त्यांची यादी कोणालाही पाहता येते. आपल्याकडे परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याखाली केंद्र सरकारची नोंदणी लागते. नंबर मागा, पडताळून पाहा. नंबर विचारल्यावर जो रागावतो, त्याच्या कचेरीतून उठून यावं.

परदेशी कामगार आणण्यासाठी मालकाला जी सरकारी फी भरावी लागते, ती कामगाराकडून वसूल करायला मनाई आहे. 'नोकरीचं पत्र विकत देतो' असं कोणी म्हटलं, तर ते पत्र खोटं समजावं. दागिने गहाण टाकून घेतलेलं खोटं पत्र आपल्याच अर्जावर खोटेपणाचा शिक्का मारतं.

घरातलं बोलणं

कायम रहिवास मिळाला म्हणजे काय मिळालं, तेही समजून घ्या. मालक बदलता येतो, शिकता येतं, मुलांना सरकारी शाळेत घालता येतं, सरकारी दवाखान्याची सोय मिळते. मतदानाचा हक्क मिळत नाही. पाच वर्षांत किमान ७३० दिवस तिथे राहावं लागतं. आपलं भारतीय नागरिकत्व यामुळे जात नाही. ते जातं तिथलं नागरिकत्व घेतलं तर, कारण आपल्या कायद्यात दोन नागरिकत्वांना जागा नाही.

आणि जाण्याआधी घरात बसून सरळ बोला. मुलांना कोण पाहणार? सासूबाईंचं वय, नवऱ्याची नोकरी, मोठीची दहावी, सगळं मांडा. दोन वर्षं म्हणतात, पण पाच लागली तर? नवरा तिथे जाऊन त्याच्या शिक्षणाखालचं काम करायला तयार आहे का? मुलांपासून हे लपवू नका. आई कुठे चालली आहे, किती दिवस, आणि कधी बोलणार, हे लहान मुलालाही सांगावं लागतं. 'बाजारात जाऊन येते' म्हणून निघालेल्या आईवर मूल पुन्हा विश्वास ठेवायला फार दिवस लावतं.

एका फायलीत हे ठेवा

१. प्रत्येकाचा पासपोर्ट, मुदत अजून बरीच शिल्लक असलेला.
२. सर्व मुलांचे जन्मदाखले, बरोबर न येणाऱ्यांचेही. मूल दत्तक असेल तर कोर्टाचा हुकूम.
३. लग्नाचा दाखला, लागू असेल तर घटस्फोटाचा किंवा ताब्याचा हुकूम.
४. नावबदलाचं राजपत्र आणि प्रतिज्ञापत्र.
५. गुणपत्रिका, प्रमाणपत्रं आणि त्यांची कॅनडासाठी केलेली तुलनात्मक तपासणी.
६. भाषेच्या परीक्षेचा निकाल. तो दोन वर्षंच चालतो.
७. अनुभवाची पत्रं: तारखा, आठवड्याचे तास आणि कामाचं वर्णन यांसह.
८. पोलीस तपासणीचा दाखला. तो पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतो.
९. भरलेल्या प्रत्येक फॉर्मची नक्कल.

शेवटची नक्कल सर्वांत महत्त्वाची. फॉर्म दुसऱ्याने भरला तरी सही आपली असते आणि जबाबदारीही आपलीच. सही करण्याआधी मुलांच्या रकान्यावर बोट ठेवून तो मोठ्याने वाचून घ्या. सगळी नावं आली आहेत, स्पेलिंग दाखल्यासारखं आहे, जन्मतारखा बरोबर आहेत, हे पाहा, आणि मगच पेन उचला.